आजपासून निष्पाप

आमच्या वृत्तवाहिनीच्या कचेरीत पाण्याच्या पिंपाच्या वर एक तक्ता टांगलेला आहे. डाव्या रकान्यावर 'लिहू नये', उजव्या रकान्यावर 'लिहावे'. पाणी प्यायला येणाऱ्या प्रत्येकाला तो दिसावा म्हणून साहेबांनी, म्हणजे आमच्या संपादकांनी, मुद्दाम तिथं लावून घेतला. 'बॉम्ब टाकले' लिहू नये, 'कारवाई केली' लिहावे. 'घर' लिहू नये, 'ठिकाण' लिहावे. 'माणसं मेली' तर मुळीच लिहू नये, 'संशयित ठार' लिहावे. अकरा वर्षांपूर्वी आपलं सैन्य डोंगरापलीकडच्या देशात शिरलं, त्याच आठवड्यात हा तक्ता तयार झाला आणि त्यातला प्रत्येक काना, प्रत्येक वेलांटी मी तपासलेली आहे. त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नाही. हे मी पूर्वी मान ताठ करून सांगायची.

मी वाहिनीची भाषा तपासनीस. निवेदक वाचतो ते, पडद्याखालून सरकणारी पट्टी, संकेतस्थळावर चढणारी बातमी, सगळं माझ्या डोळ्यांखालून जातं. एकोणीस वर्षं झाली. पाठीमागे मला मात्राबाई म्हणतात, हल्ली तोंडावरही म्हणतात. बातमी खरी की खोटी हे पाहणं माझं काम नाही, असं मी स्वतःला बजावून ठेवलं होतं. कोण मेलं, कशानं मेलं, मला काय त्याचं? 'मृत्यू'तला 'त्यू' दीर्घ असला की माझ्यापुरतं काम संपलं.

आमच्याकडे एक दुभाष्या आहे. तो त्या डोंगरापलीकडच्याच देशाचा. काचेच्या इवल्याशा खोलीत कानाला यंत्र लावून बसतो आणि तिकडून कुणी बोललं की आपल्या भाषेत सांगतो. भाषा तो आधी पुस्तकातून शिकला आणि मग माझ्याकडून, जेवणाच्या सुट्टीत. त्यामुळे बोलतो कसा, तर एखाद्या सरकारी पत्रासारखा. शंका मात्र एकेक अशा काढतो की माझा घास हातातच राहतो. "बाई, एकच वाजला असेल, तरी 'किती वाजले' असे का विचारायचे?" आता याला काय सांगणार? मी म्हटलं, "अरे, विचारणाऱ्याला माहीत नसतं म्हणून तर तो विचारतो. गिळ आता."

सहा वर्षांपूर्वी त्यानं माझ्या टेबलावर एक कागद ठेवला. कोणत्याही बातमीत चूक सापडली, तर आमच्याकडे अर्ज करता येतो, आणि तो अर्ज माझ्याकडे येतो. कागदावर त्याच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'दुरूस्ती अर्ज'. खाली मजकूर होता. अमुक तारखेच्या बातमीत 'डोंगरगावातील ठिकाणावर अचूक कारवाई, चार संशयित ठार' असं छापलं आहे. ते ठिकाण म्हणजे माझ्या वडिलांचं रेडिओ दुरुस्त करायचं दुकान. चौघांपैकी एक माझे वडील, बाकीची तीन गिऱ्हाइकं. सोबत आपल्याच सैन्याच्या पत्राची प्रत जोडली होती. 'सदर इसमांविरुद्ध कोणतीही नोंद नाही. ओळख पटवण्यात चूक झाली.' सैन्यानं चूक कबूल केली होती. आता फक्त आमचंच कबूल करायचं राहिलं होतं.

मी तो अर्ज वाचला आणि परत केला. का? तर 'दुरुस्ती'तला 'रु' त्यानं दीर्घ काढला होता. "हा 'रु' ऱ्हस्व असतो," मी लाल शाईनं गोल करून म्हटलं. "नीट लिहून आण." त्यानं मुकाट्यानं नवा कागद आणला. आज हे आठवलं की मला कानाखाली वाजल्यासारखं होतं.

नवा अर्ज साहेबांकडे गेला आणि 'धोरणात बसत नाही' असा शेरा घेऊन परत आला. पुढच्या वर्षी त्यानं पुन्हा दिला, पुन्हा तोच शेरा. असे सहा झाले. आणि त्याला हा एक शब्द नुसता मनाच्या समाधानासाठी नको होता. त्याची आई तिकडे एकटी होती आणि तिला इकडे आणायचा परवाना त्याला मिळत नव्हता. परवाना कार्यालयातला कारकून वडिलांचं नाव घालून शोधायचा, पहिल्या झटक्याला ते नाव छापलेली आमची बातमी वर यायची आणि तो मान हलवायचा. "संशयिताची बायको. नाही जमणार." दुभाष्या सैन्याचं पत्र पुढे करायचा. कारकून म्हणायचा, "पत्र काय, कुणीही टंकून आणेल. बातमी बघा ना, एवढ्या मोठ्या वाहिनीची आहे."

अशात, या वर्षी सरकारनं जाहीर केलं की झालं तेवढं पुरे, सैन्य महिन्याअखेर परत येणार. आणि आमच्या वाहिनीला एका रात्रीत पाझर फुटला.

अकरा वर्षं ज्या देशाचा आम्ही नकाशा सोडून काही दाखवलं नव्हतं, तिथली पोरं अचानक पडद्यावर दिसायला लागली. मोठाल्या डोळ्यांची, अनवाणी. बायका दिसायला लागल्या. म्हाताऱ्या दिसायला लागल्या. 'त्यांना सोडून जाऊ नका!' असा रोजचा कार्यक्रम सुरू झाला आणि तो चालवायला गहिवर आला. गहिवर म्हणजे आमचा मुख्य निवेदक. आवाज हवा तेव्हा दाटून आणायची त्याची हातोटी अशी की कॅमेरावाला बोटं मिटत 'तीन, दोन, एक' करतो आणि एकला याचा कंठ बरोबर भरून येतो. याच गहिवरनं अकरा वर्षं प्रत्येक कारवाईनंतर टेबलावर मूठ आपटून जवानांचं अभिनंदन केलेलं. टेबल तेच, मूठही तीच. आता ती छातीवर आली एवढंच.

आमच्या सासूबाई दुपारभर आमचीच वाहिनी लावून बसतात. पहिले दोन दिवस त्यांनी पदर ओला केला. तिसऱ्या दिवशी मी कामावरून आले, तर म्हणाल्या, "अगं, एक विचारू? ही पोरं इतकी वर्षं कुठं होती?"

"तिथंच होती, आई."

"मग आत्ता कशी दिसायला लागली?"

"आत्ता आपलं सैन्य निघालंय ना."

"म्हणजे सैन्य होतं तोवर यांना काही होत नव्हतं?"

मी चहा टाकायला आत गेले. साखर दोनदा पडली.

त्याच आठवड्यात दुभाष्या साहेबांच्या खोलीत गेला. मी तिथंच होते, दुसऱ्या कामासाठी. तो नेहमीच्या सरकारी भाषेत म्हणाला, "महोदय, सैन्य परतल्यावर तिकडील परवाना चौकीही बंद होणार आहे. माझ्या आईचा प्रश्न महिन्याअखेरपर्यंतच सुटू शकेल. आपण तो एक शब्द दुरुस्त केला, तर..."

"हे बघ," साहेब त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझ्या भावना मी समजू शकतो. पण सध्या आपण तुमच्या सगळ्या आयांसाठी भांडतोय. त्यात एकेकीचं कुठं काढत बसणार?"

दुभाष्या म्हणाला, "आभारी आहे." मी खाली मान घालून कागद चाळत राहिले. मी एक शब्द बोलले असते, तर काय बिघडलं असतं? पण बोलले नाही.

त्यानंतर साहेबांनी मला थांबवून एक चिठ्ठी दिली. तक्ता बदलायचा होता. आता सैन्य निघाल्यावर तिकडे जे कुणी मरतील, ते आपल्या हातून मरणार नाहीत, तेव्हा त्यांना 'संशयित' म्हणून कसं चालेल? चिठ्ठीवर साहेबांच्या घाईच्या अक्षरात होतं, 'संशयित लिहू नये. निश्पाप लिहावे. आजपासून.'

आता मला सांगा, शहामृगातला 'श' घालून 'निश्पाप' लिहिलेलं पाहून माझ्यासारखीनं काय करावं? माझं डोकंच फिरलं. एकोणीस वर्षं याच माणसाच्या हाताखाली काढली आणि याला अजून पोटफोड्या 'ष' कळू नये! मी तावातावानं माझ्या जागेवर आले आणि संगणकात तक्ता उघडला. आमच्याकडे तक्त्यातला शब्द संगणकात बदलला की तो सगळीकडे आपोआप बदलतो. तीन चौकोन भरायचे असतात. जुना शब्द, नवा शब्द आणि कोणत्या तारखेपासून. तारीख भरली नाही, तर यंत्र पार पहिल्या दिवसापासूनच्या बातम्या बदलून ठेवतं. मी पहिल्या चौकोनात 'संशयित' घातलं. दुसऱ्यात 'निष्पाप' घातलं, पोटफोडा 'ष' तीनदा तपासला, आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलीला बोलावून दाखवला. "हा बघ. असा असतो. संपादक झाले म्हणून व्याकरण यांच्या घरी पाणी भरतं का?" ती हसली. मीही हसले आणि बटण दाबलं.

तिसरा चौकोन रिकामाच राहिला.

नंतर पुष्कळांनी मला खाजगीत डोळा मारून विचारलं की मात्राबाई, मुद्दाम केलंत ना? नाही हो. शपथेवर सांगते, विसरले. सहा वर्षं जे माझ्याकडून हिमतीनं झालं नाही, ते एका 'ष'च्या नादात विसरून झालं. यात माझी कसली आलीय बढाई?

दुपारी चारला कार्यक्रम सुरू झाला. त्या दिवशी विशेष भाग होता. मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर 'अकरा वर्षांची शौर्यगाथा' म्हणून आमच्याच जुन्या बातम्यांचे मथळे एकामागून एक सरकणार होते, ते थेट साठवणीतून, म्हणजे माणसाचा हात लागायचा प्रश्नच नव्हता. समोर गहिवर. काचेच्या खोलीत दुभाष्या, कारण तिकडच्या एका शाळेतल्या बाई फोनवर येणार होत्या. मी नेहमीप्रमाणे कोपऱ्यातल्या खुर्चीवर, हातात लाल पेन.

गहिवरनं एकला कंठ दाटवला आणि म्हणाला, "अकरा वर्षं आपण त्यांचं रक्षण केलं. पाहा, ही गाथा."

मागे पहिला मथळा आला. 'आपल्या विमानांची अचूक कामगिरी. छत्तीस निष्पाप ठार.'

मला वाटलं, मी चुकीचं वाचलं. मी कधी चुकीचं वाचत नाही. दुसरा आला. 'निष्पापांचा अड्डा उद्ध्वस्त, देशभर जल्लोष.' तिसरा. 'पहाटेच्या धाडसी कारवाईत बारा निष्पापांना कंठस्नान.' गहिवरच्या समोरच्या काचेवरही तीच अक्षरं सरकत होती, आणि गहिवर काचेवर जे येतं ते वाचतो. डोक्यात नेण्याची त्याची पद्धत नाही. भरल्या गळ्यानं तो म्हणाला, "निष्पापांच्या म्होरक्याचा खात्मा करणाऱ्या आपल्या वीरांना..." आणि तिथं त्याचा गळा, बहुधा आयुष्यात पहिल्यांदा, आपला आपण अडकला.

साहेब वरच्या खोलीतून खाणाखुणा करत होते. कुणाला काही सुधरत नव्हतं. तेवढ्यात फोनवरच्या शाळेतल्या बाई बोलायला लागल्या आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. दुभाष्या सांगू लागला, "त्या म्हणतात, माझ्या वर्गात एकतीस मुली होत्या. त्या म्हणतात..."

आणि तो थांबला. मागे मथळा होता, 'डोंगरगावातील ठिकाणावर अचूक कारवाई, चार निष्पाप ठार'.

तिकडून बाई त्यांच्या भाषेत बोलतच राहिल्या. अर्थ कुणालाच कळत नव्हता आणि ज्याला कळत होता, तो दोन्ही तळवे काचेला लावून पडद्याकडे बघत होता. अर्धा मिनिट असं गेलं. मथळा सरकून गेला, तरी तो त्या जागेकडेच बघत होता.

मग जाहिरात लागली. साबणाची.

साहेब जिना उतरून आले ते लालबुंद होऊन. मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, "तारीख राहिली." त्यांनी मला ढकललंच जवळजवळ आणि माझ्या खुर्चीत बसून स्वतः संगणक हाती घेतला. जुना शब्द 'निष्पाप'. नवा शब्द 'संशयित'. "साहेब, तारीख," मी म्हटलं. "तुम्ही गप्प बसा!" ते म्हणाले आणि बटण दाबलं. जाहिरात संपली. गहिवर नवा गहिवर घेऊन परतला आणि काचेवरून वाचू लागला, "या संशयित बालकांना आज तुमच्या मायेची गरज आहे. संशयित मातांचा आक्रोश..."

मागच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले, मीसुद्धा. घरी सासूबाई म्हणे पोट धरून हसत होत्या. "वर्षानुवर्षं तुमची वाहिनी बघते, पण आज पहिल्यांदा काहीतरी बघण्यासारखं होतं," असं त्यांनी मला सांगितलं.

कार्यक्रम बंद पडला आणि निस्तरायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात आलं. साहेब म्हणाले, एकेक बातमी हातानं उघडायची. आजच्यात 'निष्पाप' करायचं आणि जुन्यात 'संशयित' आहे ना, ते तपासून शिक्का मारायचा, म्हणजे यंत्र पुन्हा कधी हात लावणार नाही. संध्याकाळी सहाला मी बसले. आजच्या बातम्या पटापट झाल्या. मग जुन्या. उघडायची, 'संशयित' वाचायचं, तपासलं असा शिक्का मारायचा. उघडायची, वाचायचं, मारायचा. पाच-पंचवीस झाल्यावर माझ्या लक्षात आलं की आजवर मी या बातम्या वाचल्याच नव्हत्या, फक्त तपासल्या होत्या. एकीत 'संशयितांमध्ये सात मुलांचाही समावेश' असं होतं. 'समावेश'चा 'श' बरोबर होता. खाली माझी जुनी सही होती.

मग डोंगरगाव आलं.

'चार संशयित ठार.' शिक्क्याचं बटण समोर होतं. इतके दिवस मी निदान म्हणू शकत होते की लिहिलं दुसऱ्यानं आणि नाकारलं साहेबांनी. आता त्या चौघांना पुन्हा संशयित करायचं होतं ते माझ्या बोटानं, सगळं माहीत असताना. मी हात मागे घेतला. मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू? एकोणीस वर्षांची नोकरी होती.

आमच्याकडे शिक्क्याशेजारी आणखी एक बटण असतं. ते वापरायचा अधिकार फक्त मला आहे. त्यानं बातमीच्या डोक्यावर दुरुस्तीचं निवेदन चढतं, माझ्या नावानिशी. आजवर मी अशी शेकडो निवेदनं दिलीत. 'कालच्या बातमीत 'पूर' हा शब्द ऱ्हस्व छापला गेला, दिलगीर आहोत.' उकारासाठी दिलगीर, वेलांटीसाठी दिलगीर. माणसासाठी एकदाही नाही. आणि या निवेदनाची गंमत अशी की एकदा चढलं की ते उतरवता येत नाही. उतरवायचं, तर का उतरवतोय ते पुराव्यानिशी जाहीर करावं लागतं. मी ते बटण दाबलं आणि शीर्षकापासून सगळं भराभर टंकलं. या बातमीतील चार जण संशयित नव्हते. एक जण रेडिओ दुरुस्त करणारे होते आणि तिघे त्यांची गिऱ्हाइके. सैन्याने ही चूक लेखी मान्य केली आहे. आम्ही सहा वर्षे केली नाही. दिलगीर आहोत. खाली नाव, आणि वाचून न बघताच चढवून टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी न तपासता पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावरच्या रखवालदारानं माझं ओळखपत्र काढून घेतलं. साहेब भेटलेच नाहीत. निवेदन मात्र कुणी उतरवलं नाही. उतरवायला चौघे संशयित होते हे सिद्ध करावं लागलं असतं.

चार दिवसांनी दुभाष्या घरी आला. मी त्याला कधी घरी बोलावलं नव्हतं, पत्ता त्यानं कुठून काढला कोण जाणे. सासूबाईंनी दार उघडलं, त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "तूच ना रे तो, काचेतला? ये, बस. चहा घेशील ना?" तो बसला. खिशातून एक परवाना काढून त्यानं टेबलावर ठेवला. त्यावर त्याच्या आईचा फोटो होता, डोळे अगदी त्याचेच, आणि खाली निळा शिक्का.

"कारकुनाने शोधले," तो म्हणाला. "सर्वात वर आपले निवेदन आले. त्याने ते दोनदा वाचले आणि शिक्का मारला. आई गुरुवारी येते आहे, बाई."

सासूबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा कुठं मी रडते आहे हे मला कळलं.

थोड्या वेळानं त्यानं निवेदनाची छापील प्रत काढली, नीट घडी घातलेली. जरा घुटमळला. "बाई, एक शंका आहे. रागावणार नाही ना?"

"विचार."

त्यानं पहिल्या ओळीवर, शीर्षकावर बोट ठेवलं. घाईघाईत मी लिहिलं होतं, 'दुरूस्ती'. "हा 'रु' ऱ्हस्व असतो ना?"

मी चष्मा लावला. दीर्घ होता. माझ्या नावानिशी, साऱ्या जगासमोर, ढळढळीत दीर्घ. मी तिरीमिरीत उठले आणि घरच्या संगणकावरून कार्यालयाचं पान उघडलं, परवलीचा शब्द घातला. पडद्यावर आलं, 'आपल्याला प्रवेश नाही.' पुन्हा घातला. पुन्हा तेच.

"राहू दे, बाई," तो मागून म्हणाला. पहिल्यांदाच तो नेहमीच्या सरकारी भाषेत 'राहू द्यावे' असं म्हणाला नव्हता. "मीसुद्धा पहिल्या अर्जात असाच लिहिला होता."